शनिवारचा फळा

आकडा ऐकल्याबरोबर टोणपे बाईंना पहिल्यांदा आनंद झाला. हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण झाला खरा. ब्याण्णव टक्के! आपल्या हाताखालून गेलेली मुलगी ब्याण्णव टक्के आपल्यासारखी लिहिते, याहून मास्तरकीचं सार्थक ते काय? मग समोरच्या, चौकशी करणाऱ्या डॉ. निमकरांचा चेहरा त्यांच्या लक्षात आला. शेजारी बसलेल्या तहसीननं दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळून धरले होते. बाईंनी ओठांवर आलेलं हसू गिळलं.

"टोणपे मॅडम, ब्याण्णव म्हणजे नुसतं साम्य नव्हे," निमकर म्हणाल्या. "ब्याण्णव म्हणजे डोकं एकच."

वेण्णा निवासी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्रातली ही सुनावणी होती, २०४१ सालच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारची. विद्यापीठात जागा दोनशे आणि अर्ज सव्वा लाख. गुण कुणी बघतच नव्हतं, कारण गुण सगळ्यांनाच भरपूर होते. बघायचे ते एकच, आत्मनिवेदन. यंदाचा विषय होता, 'तुमच्या घरातलं असं एक काम, जे बाहेरच्याला दिसत नाही.' बार्शीच्या तहसीन बागवाननं आपल्या अब्बांच्या केळी पिकवायच्या खोलीवर लिहिलं होतं. पहिल्या वाचनात ते दोनशेत आलं, आणि मग 'मागोवा'नं त्याला अडवलं.

मागोवा ही काय भानगड, ते सांगायला हवं. पंधरावीस वर्षांपूर्वी यंत्रं फर्माइशीप्रमाणे डोळ्यांत पाणी आणणारे निबंध लिहायला लागली, तेव्हा सगळ्या विद्यापीठांनी निबंध केराच्या टोपलीत टाकले होते. वेण्णानं ते परत आणले, पण बंद खोलीत बसवून, सरकारी इलेक्ट्रॉनिक पाटीवर, तीन तासांत. शाळाशाळांतून वाटलेली ही पाटी नुसती अक्षरं टिपत नाही. कुठल्या शब्दाआधी लेखणी किती थबकली, काय खोडलं, वाक्याच्या शेवटाहून मागे कुठे गेलात, आधी वस्तू सांगितली की आधी माणूस, हे सगळं ती टिपते. पुढचा शब्द शोधताना प्रत्येक मेंदू आपल्या मळलेल्या वाटेनंच जातो. गल्लीच्या टोकाला पाठमोरा माणूस चालला असला तरी आपण चालीवरून त्याला ओळखतो, तसंच हे. दुसऱ्याचा सदरा घालता येतो, दुसऱ्याची चाल दहा पावलांच्या वर टिकत नाही. क्लासवाले आता मुलांकडून निबंधाबरोबर त्यातले थांबे आणि खाडाखोडसुद्धा घोकून घेत, तरी मूळ लिहिणाऱ्याची चाल मजकुरात उरायचीच. मागोवा ती हुडकून काढायचा आणि अर्जदाराच्या ओळखीतल्या लिहित्या माणसांशी ताडून बघायचा. तहसीनच्या बाबतीत तो टोणपे बाईंपाशी येऊन थांबला होता.

"मी शिकवलंय तिला," बाई म्हणाल्या. "आठवीपासून बारावीपर्यंत. एक अक्षर लिहून दिलेलं नाही."

"शिकवण्यानं साम्य येतं, पण तीस-पस्तीसपर्यंत. त्याच्या वर आम्ही अजून पाहिलेलं नाही." निमकरांचा आवाज वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. "आणखी एक अडचण आहे. ही सातवीपर्यंत उर्दू शाळेत होती. मराठीची हिची नोंद आठवीपासूनची, आणि आठवीच्या पहिल्या आठवड्यातला निबंधही याच चालीचा आहे. उर्दू शाळेतली मुलगी आठ दिवसांत असं मराठी लिहायला लागली, हे समितीला पटत नाही. समितीचं म्हणणं, पहिल्या आठवड्यापासून कुणीतरी लिहून देत होतं."

"मीच लिहिलंय," तहसीन फरशीकडे बघत म्हणाली.

खरं सांगायचं तर, ते पहिल्या आठवड्याचं बाईंनाही कधी नीट पटलं नव्हतं. आपण बोललेलं पोरीनं चटकन उचललं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"एक मार्ग आहे," निमकर म्हणाल्या. "माणसाची चाल वर्षागणिक सरकत जाते. दोघांच्याही जुन्या नोंदी उघडल्या, तर कोण आधी आणि कोण नंतर, ते कळतं. हिच्या वडिलांनी संमती दिली आहे. तुमची आमच्याकडे फक्त गेल्या तीन वर्षांची नोंद आहे. २०३३ पासूनची, पाटी आली तेव्हापासूनची, कुलूपबंद आहे. त्यासाठी तुम्ही स्वतः येऊन अंगठा द्यायचा, गुरुवारी चारपर्यंत."

"आणि नाही दिला तर?"

"तर अर्ज रद्द. नाव घोकीव यादीत, दुसऱ्याचं घोकून लिहिणाऱ्यांच्या. पाच वर्षं कुठल्याही निवासी विद्यापीठाचं दार हिला बंद."

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. जुनी नोंद उघडली तर काय निघणार? हेमलता टोणपे आधीपासून असंच लिहितात, हेच निघणार. म्हणजे पोर आणखी खोलात. "मला विचार करू द्या," असं म्हणून त्या उठल्या.

परतीच्या एसटीत तहसीन खिडकीशी, मध्ये बाई आणि कडेला तहसीनचे वडील जमीरभाई. वाटेत वैराग गाव आलं. मग जमीरभाईंनी घसा खाकरला.

"बाई, एक सांगू का? आमच्या खोलीत बगा, हिरव्या मालात एक पिकला घड ठिवतो. दाराला पोतं लावलं की झालं. तिसऱ्या दिवशी समदाच माल पिवळा. मग कुनी इचारलं, पयला घड कंचा, तर मला बी दावता येत न्हाई ओ." ते जरा थांबले. "पर होता तर एकच."

बाई हसल्या. पहिला घड कुठला याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"बाई, द्याल ना संमती?" तहसीननं खिडकीकडे बघतच विचारलं.

"त्यात तुझंच नुकसान झालं तर?"

बार्शी स्टँडवर उतरल्यावर जमीरभाईंनी बाईंची पिशवी रिक्षात नेऊन ठेवली आणि जाताना दोनदा मान तुकवली. त्या दुसऱ्यांदा तुकवलेल्या मानेनं बाईंना अवघडल्यासारखं झालं.

बुधवारी सकाळी त्यांनी रजा टाकली आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आपण आधीपासूनच असं लिहितो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि मग ठरवावं, असा त्यांचा बेत होता. ट्रंकेत पाटी येण्याआधीची, छापील जमान्यातली शाळेची स्मरणिका सापडली, २०३१ सालची. 'निसर्ग : मानवाचा आद्य गुरू', लेखिका सौ. हेमलता टोणपे. बाई चष्मा लावून वाचायला लागल्या.

'सहस्ररश्मी भास्कराच्या सुवर्णकिरणांचा सडा अवनीतलावर पडताच चराचर सृष्टी चैतन्यानं न्हाऊन निघते! अहाहा! काय ते विलोभनीय दृश्य!'

त्यांना आधी हसू फुटलं, मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पुढची चार पानं तशीच होती. भास्कर मावळेपर्यंत एकाही माणसाचा पत्ता नव्हता. त्यांनी उठून कपाटातून आपलं पुस्तक काढलं. दोन वर्षांपूर्वी निघालेल्या त्या पुस्तकाला राज्य पुरस्कार मिळाला होता, आणि त्यातला 'पट्टीची बाटली' हा लेख तर येत्या वर्षी नववीच्या पाठ्यपुस्तकात लागणार होता. दादा, म्हणजे बाईंचे वडील, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांच्यावरचा आणि डोस मोजायला ते औषधाच्या बाटलीवर चिकटवत त्या कागदी पट्टीवरचा तो लेख.

'कागदाच्या पट्ट्या आदल्या दिवशीच कापून ठेवाव्या लागत, कारण सकाळी रांग थांबत नसे. एकेका डोसाला एकेक खाच. दादा त्या खाचा न बघता पाडायचे.'

आणि तहसीनचं निवेदन, ज्याची प्रत सुनावणीत मिळाली होती : 'दाराला ओलं पोतं लावावं लागतं, कारण आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नसते. पण रोज एकदा दार उघडून ती बदलावीही लागते, नाहीतर घड पिकत नाहीत. अब्बांना ही वेळ घड्याळाशिवाय कळते.'

आधी वस्तू, मग कारण, माणूस सगळ्यात शेवटी. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, मग स्मरणिका त्यांच्या शेजारी ठेवली. आणि त्या तिथेच ट्रंकेच्या कडेवर टेकल्या.

आठवीचा पहिला आठवडा त्यांना आठवला. विषय दिला होता, 'माझा आवडता ऋतू'. चाळीस पोरांनी पावसाळा लिहिला होता. या पोरीनं लिहिलं होतं की आमच्या खोलीत ऋतू नसतो, कारण अब्बा तो पोत्यानं अडवून ठेवतात. बाईंनी ते वाचलं, परत वाचलं आणि शनिवारी फळ्यावर घेतलं.

हा शनिवारचा फळा म्हणजे बाईंची खासियत. शाळेच्या फाटकाशी भिंतीवर एक काळा फळा होता. आठवड्यातला सगळ्यात चांगला निबंध दर शनिवारी बाई स्वतः त्यावर उतरवायच्या, खडूनं, मोठ्या वळणदार अक्षरात, पाऊण तास उभं राहून. पोरांनी तो वहीत लिहून घ्यायचा. उत्तम लिहिणं हाताखालून गेलं की हाताला लागतं, असं त्या दरवर्षी नव्या शिक्षकांना बजावून सांगत. पाच वर्षांत फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा तहसीन आली होती. शंभर वेळा तरी. म्हणजे तहसीनचं प्रत्येक वाक्य, त्यातला प्रत्येक थांबा, शंभर शनिवार एका हाताखालून गेला होता. पोरं लिहून घ्यायचा कंटाळा करायची, निम्मी तर फळ्याचा फोटो काढून पळायची. पाऊण तास न चुकता लिहिणारी व्यक्ती एकच होती.

खडूची नोंद कुठल्याच पाटीवर होत नव्हती, म्हणून हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही. "अलीकडे तुमचं लेखन किती बदललंय हो!" असं शाळेतली मंडळी म्हणायची, तेव्हा "वाचन मुरलं, दुसरं काय," असं उत्तर त्या मोठ्या नम्रतेनं द्यायच्या.

आता सगळा हिशेब उलटा झाला होता. संमती दिली तर पोर सुटणार, हे नक्की. आणि त्याच कागदावर, सुनावणीच्या जाहीर अहवालात, हेही येणार की हेमलता टोणपे यांच्या पुरस्कारप्राप्त पुस्तकाची चाल मूळची एका तेरा वर्षांच्या विद्यार्थिनीची आहे. वर्षभरात बाई निवृत्त होणार होत्या. मिरवावं असं आयुष्यात एवढं एकच घडलं होतं, आणि तेही दादांवरचं. दादा माझे होते, त्या खाचा मी पाहिल्या होत्या, असं त्या रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या. टेबलावर पाठ्यपुस्तक मंडळाचं पत्र पडलं होतं : लेखक परिचय चार ओळींत पाठवावा. त्यांनी ते पालथं घातलं.

संमती न देण्याचा त्यांना हक्क होता. का दिली नाही, असं कुणी विचारणारही नव्हतं. उलट, बाईंनी मुलीचं नुकसान टाळायला तसं केलं, असंच लोक म्हणाले असते.

गुरुवारी सकाळी सोलापूरच्या नऊच्या गाडीची वेळ झाली तेव्हा बाई साडीला इस्त्री करत होत्या. नऊ वाजून गेले तरी त्या तीच साडी इस्त्री करत होत्या. जमीरभाईंचा फोन दोनदा वाजला आणि त्यांनी तो दोनदा वाजू दिला. नंतर एक निरोप पाठवला, 'अंगात कणकण आहे.' पाठवल्यावर स्वतःचीच शिसारी आली, पण निरोप परत घेतला नाही.

साडेअकराला दार वाजलं. तहसीन एकटीच उभी होती, हातात केळ्यांची फणी.

"अब्बांनी दिलीत. बाई, ताप आहे का?"

"आहे जरा. बस."

ती बसली नाही. "बाई, तुम्ही येऊ नका सोलापूरला. मीच जाते आणि सांगून टाकते."

"काय सांगून टाकतेस?"

"की ते तुमचं आहे." शब्द घरून ठरवून आणलेले दिसत होते. "मी काल दिवसभर जुने निबंध वाचले. प्रत्येक निबंध मला तुमच्या अक्षरातच आठवतो, फळ्यावरचा. वाचताना आतून तुमचाच आवाज येतो. मला वाटायचं, बाईंसारखं जमायला लागलंय. पण मग त्या म्हणतात तेच खरं असेल ना? माझं असं त्यात काहीच नसेल. तुम्ही बोलायचात आणि मी नुसतं लिहून काढायचे." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "उगाच तुमच्यावर बालंट नको. मी कबूल करते आणि मोकळी होते. मला नाहीतरी आता लिहायला बसवत नाहीये."

टोणपे बाईंनी छत्तीस वर्षांत अनेक पोरांना रडताना पाहिलं होतं. पण आपण गप्प बसल्यामुळे एखाद्या पोरीला स्वतःचा हातसुद्धा परका वाटायला लागावा, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना भयंकर लाज वाटली. पुस्तकाची लाज ती त्यापुढे काहीच नव्हती.

"फणी ठेव तिथं," त्या म्हणाल्या. "आणि चप्पल घाल."

"बाई, ताप..."

"ताप खोटा होता. चल, साडेबाराची गाडी गेली तर मग चारनंतर पोचून काही उपयोग नाही."

गाडी मिळाली, पण वैरागच्या चार्जिंगला पुढे सहा गाड्या उभ्या होत्या. बाई खाली उतरून कंडक्टरशी भांडल्या, ड्रायव्हरशी भांडल्या, चार्जिंगवाल्याला तू कुठल्या शाळेत होतास असंही विचारून झालं. सोलापूर स्टँडवर उतरल्या तेव्हा पावणेचार झाले होते. रिक्षा, जिना, काचेचं दार. निमकर टेबलावरचे कागद आवरत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन बावन्न.

"उघडा माझी नोंद," बाई धापा टाकत म्हणाल्या.

काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. निमकरांनी बाईंचा अंगठा उलटून बघितला. छत्तीस वर्षांच्या खडूनं त्याच्यावरच्या रेषा पार झिजवून टाकल्या होत्या.

"दुसरा द्या."

डाव्या अंगठ्यालाही लाल दिवा. तीन छप्पन. तहसीननं पुढे होऊन बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली, ओढणीनं खसाखसा पुसला आणि काचेवर ठेवून वरून आपल्या बोटांनी दाबून धरला. दिवा हिरवा झाला.

पुढचं काम यंत्राचं होतं, त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर दोन रेषा आल्या. तहसीनची रेषा आठवीच्या पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ सरळ होती, बारावीपर्यंत. बाईंची २०३३ साली कुठेतरी खाली सुरू होत होती. दोघींचं साम्य सहा टक्के. २०३६ च्या जूनपर्यंत सहाच. मग ती रेषा वर वळली. अकरा, चौतीस, अठ्ठावन्न, एक्याऐंशी. बारीक बघितलं तर तिला पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरी शनिवारनंतरच्या सोमवारी पडली होती. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत रेषा जागच्या जागी थांबे.

निमकरांनी दोन्ही रेषा पुन्हा एकदा सुरुवातीपासून तपासल्या. "असं मी कधीच पाहिलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "शिकवण्यानं इतकं येत नाही, म्हटलं होतं ना मी? पण शिकण्यानं येतं, असं दिसतंय."

"मी फळ्यावर लिहायचे तिचे निबंध," बाई म्हणाल्या. "दर शनिवारी. स्वतःच्या हातानं. पुस्तकात दादा माझे आहेत. बाकी, सांगायची रीत हिची आहे. तसं लिहा अहवालात."

"मागोवा याला चोरी म्हणत नाही, मॅडम. कोण आधी, एवढंच तो सांगतो."

"मग तेवढंच लिहा."

तहसीन पडद्याला अगदी नाक लावून उभी होती, आपल्या सरळ रेषेवर बोट ठेवून. ते बोट तिनं आठवीपासून बारावीपर्यंत हळूहळू फिरवत नेलं, परत आणलं. "ही माझी?" तिनं विचारलं. निमकरांनी मान हलवली. "पहिल्या आठवड्यापासून?" पुन्हा मान हलली. मग ती वळली आणि बाईंकडे बघून, रडता रडता, जरा रागानंच म्हणाली, "बाई, मी पाच वर्षं तुमच्यासारखं लिहायचा प्रयत्न करत होते!"

"आणि मला वाटत होतं, तुला जमतंय," बाई म्हणाल्या.

निमकरांनी अर्जावरची लाल खूण काढली. निवड झालेल्यांच्या यादीत एकशे सदुसष्टावं नाव परत आलं. बाहेर पायरीवर बसून तहसीननं अब्बांना फोन लावला, तेव्हा पलीकडचा आवाज शेजारी बसलेल्या बाईंनाही ऐकू येत होता. जमीरभाई नुसतं "हां, हां" करत होते.

शुक्रवारी सकाळी बाईंनी पालथं घातलेलं पत्र सरळ केलं आणि पाटी समोर ओढली. लेखक परिचय, चार ओळी. पहिल्या दोन ओळी सोप्या होत्या : हेमलता टोणपे, जन्म १९८३, बार्शी येथे मराठीच्या शिक्षिका. तिसरीत पुस्तकाचं नाव आणि पुरस्कार. चौथीशी त्यांची लेखणी थबकली. पाटीनं तो थांबा मुकाट्यानं टिपला. आधी त्यांनी 'विद्यार्थिनीचा प्रभाव' असं लिहिलं आणि खोडलं. मग 'ऋण' हा शब्द लिहिला, तो स्मरणिकेतला वाटला म्हणून तोही खोडला. टेबलावरच्या फणीतलं एक केळं त्यांनी सोलून खाल्लं, हात पुसले आणि चौथी ओळ एका दमात लिहून काढली :

'वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तहसीन जमीर बागवान, इयत्ता आठवी, तुकडी ब, यांच्याकडे लिहायला शिकल्या.'